सामायिक नकाशा-पोर्टलवरचे लेयर एकमेकांवर बसत नाहीत, क्षेत्रफळ चुकतं, मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात

अक्षांश_वीस

नमस्कार मंडळी. एका नदीखोऱ्यासाठी काही संस्थांनी मिळून चालवलेलं नकाशा-पोर्टल आहे. पुढे जिओनोड (लोकांना दिसणारी वेबसाइट), मागे जिओसर्व्हर (नकाशे आणि डेटा पुरवणारा सर्व्हर). गावांच्या सीमा, ओढे-नाले, जमीन-वापर, उंचीचं रास्टर (चौकोनी पेशींच्या जाळीत साठवलेले आकडे) असं बरंच काही तिथे आहे आणि प्रत्येक लेयर वेगळ्या संस्थेने चढवलेला आहे. मला त्यातून प्रत्येक गावाचं पाणलोटात येणारं क्षेत्र आणि सरासरी उतार काढायचा आहे आणि तयार झालेला लेयर इतरांसाठी परत पोर्टलवर ठेवायचा आहे. काम क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये चालू आहे. अडलंय ते इथे:

१. डब्ल्यूएमएसने जोडलेला गावांचा लेयर छान दिसतो, पण अ‍ॅट्रिब्यूट टेबल उघडतच नाही. डब्ल्यूएफएसने जोडला तर टेबल येतं, पण बरोबर ५००० नोंदींवर थांबतं. गावं त्याहून जास्त आहेत.

२. शेपफाइल (नकाशा-डेटाचा एक फाइल-प्रकार) उतरवली की गावांच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

३. ज्या गावाचं क्षेत्र नोंदीत ४१२ हेक्टर आहे ते फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये ४६९ येतं. सगळीच गावं साधारण याच प्रमाणात फुगलेली.

४. ओढा जिथे गावाची सीमा आहे तिथे ओढ्याची रेघ आणि सीमेची रेघ जुळत नाही. कुठे २० मीटरचा फरक, कुठे ८०, कधी या बाजूला तर कधी त्या.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

---

समोच्चरेषा

तुमच्या चार अडचणींची कारणं चार वेगवेगळी आहेत, त्यामुळे एकेक घेऊ.

डब्ल्यूएमएस म्हणजे सर्व्हरने काढून पाठवलेलं चित्र. त्यात पॉलिगॉन नसतात, पिक्सेल असतात. ‘आयडेंटिफाय’ने क्लिक केल्यावर माहिती येते ती सर्व्हरला त्या बिंदूपुरता वेगळा प्रश्न विचारून आणलेली असते. बघायला, पार्श्वभूमीला, छापील नकाशाला डब्ल्यूएमएस पुरेसं. मोजायचं, जोडायचं, कापायचं असेल तर व्हेक्टरसाठी (बिंदू, रेघा, पॉलिगॉन) डब्ल्यूएफएस आणि रास्टरसाठी डब्ल्यूसीएस, या सेवा चित्राऐवजी मूळ डेटा देतात. उंचीचं रास्टर डब्ल्यूएमएसने घेऊन उतार काढायचा प्रयत्न बरेच जण करतात. त्यात मिळतो तो रंगांचा उतार, जमिनीचा नाही.

५००० असा गोल आकडा आला की तो सर्व्हरने किंवा क्यूजीआयएसने घातलेला बांध समजायचा. आधी खरी संख्या विचारा: डब्ल्यूएफएस २.०.० च्या गेटफीचर विनंतीत ‘रिझल्टटाइप’ला ‘हिट्स’ दिलं की सर्व्हर नोंदी न पाठवता फक्त ‘नंबर-मॅच्ड’ सांगतो. हा आकडा आणि तुमच्या टेबलातल्या ओळी जुळल्या पाहिजेत. तो आकडा कामाच्या वहीत लिहून ठेवा, पुढे प्रत्येक टप्प्यावर उपयोगी पडतो.

मग क्यूजीआयएसमध्ये डब्ल्यूएफएस कनेक्शन ‘एडिट’ करा. ‘मॅक्स नंबर ऑफ फीचर्स’ रिकामं ठेवा, आवृत्ती २.० निवडा, ‘एनेबल फीचर पेजिंग’ चालू करा आणि पेज साइज सर्व्हरच्या मर्यादेपेक्षा कमी, म्हणजे १००० वगैरे द्या. पेजिंगमध्ये सर्व्हर पहिल्या हजार, पुढच्या हजार असे तुकडे देतो आणि त्यासाठी नोंदींचा क्रम ठरलेला असावा लागतो. मूळ टेबलाला प्रायमरी की नसेल तर जिओसर्व्हर ‘प्रायमरी कीशिवाय नैसर्गिक क्रम लावता येत नाही’ अशा अर्थाची चूक परत करतो. तेव्हा ‘सॉर्टबाय’मध्ये गावाचा कोड देऊन हाताने क्रम लावा. तो कोड खरोखर एकमेव हवा. तसा नसेल तर तुकड्यांच्या सांध्यावर एखादं गाव दोनदा येतं, एखादं गळतं, आणि एकूण संख्या मात्र जुळलेली दिसते.

लेयर जोडताना ‘फक्त दिसणाऱ्या भागातली फीचर्स मागवा’ ही खूण असेल तर ती काढा. ती राहिली की स्क्रीनवर जेवढं दिसतं तेवढ्यावरच पुढची टूल्स चालण्याचा धोका असतो. आणि सगळ्या नोंदी आल्या की लगेच जिओपॅकेजमध्ये (एकाच फाइलमध्ये लेयर साठवणारा प्रकार) एक्स्पोर्ट करून त्या प्रतीवर काम करा. थेट डब्ल्यूएफएसवर इंटरसेक्शन चालवलं तर वेळ जातो, पोर्टलवर उगाच भार पडतो आणि मधेच कोणी मूळ लेयर बदलला तर तुमची उत्तरं कशाची आहेत ते सांगता येत नाही.

आता क्षेत्रफळ. ४६९ भागिले ४१२ म्हणजे १.१३८. ही वेब मर्केटरची खूण आहे. लेयर ईपीएसजी ३८५७ मध्ये आहे (प्रोजेक्शन म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, आणि ३८५७ हा वेब मर्केटरचा ईपीएसजी यादीतला क्रमांक). हे प्रोजेक्शन विषुववृत्तापासून दूर जाताना लांबी अक्षांशाच्या सीकंटच्या पटीत ताणतं, म्हणजे क्षेत्रफळ त्याच्या वर्गाच्या पटीत. २० अंशांवर हा वर्ग १.१३ येतो, आणि पृथ्वी किंचित चपटी असल्यामुळे प्रत्यक्षातला गुणक १.१४ च्या जवळ जातो. ४५ अंशांवर क्षेत्र जवळपास दुप्पट, ६० अंशांवर चौपट. ३८५७ हे वेबवर टाइल दाखवण्यासाठी आहे. त्याची एककं मीटर लिहिलेली असली तरी ती जमिनीवरची मीटर नव्हेत, आणि त्या शब्दावर विश्वास ठेवल्याने भलेभले फसतात.

क्यूजीआयएसमध्ये क्षेत्रफळाची दोन फंक्शनं आहेत. कंसात भूमिती घेणारं ‘एरिया’ लेयरच्या प्रोजेक्शनमध्ये सपाट मोजतं. डॉलर चिन्ह लावलेलं ‘एरिया’ प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये निवडलेल्या एलिप्सॉइडवर (पृथ्वीच्या किंचित चपट्या गोलावर) मोजतं. दुसरं वापरा, एलिप्सॉइड डब्ल्यूजीएस ८४ आहे ना आणि क्षेत्राचं एकक चौरस मीटर आहे ना हे आधी बघा, आणि १०,००० ने भागून हेक्टर करा. आकडा ४१२ च्या आसपास येईल. नेमका ४१२ च येईल असं नाही, कारण नोंदीतलं क्षेत्र आणि नकाशावरून काढलेलं क्षेत्र यांची मोजणी मुळात वेगळी.

बाकीच्या कामासाठी सगळे लेयर एकाच यूटीएम झोनमध्ये (६ अंश रुंद पट्ट्यासाठीचं मीटरमधलं प्रोजेक्शन) आणा. झोन काढायचं गणित: रेखांशात १८० मिळवा, ६ ने भागा, अपूर्णांक सोडा, १ मिळवा. ७५ पूर्व असेल तर २५५ भागिले ६ म्हणजे ४२.५, सोडून ४२, अधिक १, झोन ४३. उत्तर गोलार्धात ईपीएसजी ३२६०० अधिक झोन, दक्षिणेत ३२७००. खोरं दोन झोनांवर पसरलं असेल तर अर्धं इकडे अर्धं तिकडे करू नका. जास्त भाग ज्या झोनमध्ये आहे तोच सगळ्याला लावा.

आणि हे करताना ‘रिप्रोजेक्ट लेयर’ वापरा, ‘सेट लेयर सीआरएस’ नको (सीआरएस म्हणजे लेयरची सहनिर्देशक-पद्धत). दुसऱ्याने फक्त पाटी बदलते, आतले आकडे तेच राहतात. अंशांतल्या आकड्यांवर वेब मर्केटरची पाटी लावली की अख्खं खोरं आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात शून्य-शून्यपाशी एका ठिपक्यात जाऊन बसतं.

---

बाइट_मोजणारा

प्रश्नचिन्हांबद्दल लिहितो. आधी नीट बघा की प्रश्नचिन्हंच आहेत की वेडीवाकडी लॅटिन अक्षरं. डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ए, त्यामागे चलनचिन्हासारखी खूण, मग आणखी काहीतरी, असे तीन-तीनचे गट दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या एन्कोडिंगने वाचला जातोय. लेयर प्रॉपर्टीज, सोर्स, तिथे ‘डेटा सोर्स एन्कोडिंग’ यूटीएफ-८ करा. शेपफाइलसोबत .सीपीजी फाइल असेल तर क्यूजीआयएस तिचं ऐकतं. ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून आत फक्त यूटीएफ-८ एवढंच लिहा.

खरीच प्रश्नचिन्हं असतील तर त्या फाइलमधून नावं परत मिळणार नाहीत. जिओसर्व्हर शेपफाइल बांधताना सांगितलं नसेल तर आयएसओ-८८५९-१ धरतो. त्या संचात देवनागरी नाहीच, म्हणून प्रत्येक अक्षराऐवजी तो सरळ प्रश्नचिन्ह लिहून टाकतो. सर्व्हरवरचा मूळ डेटा मात्र ठीक आहे. दोन वाटा: डाउनलोडच्या विनंतीत ‘फॉरमॅट-ऑप्शन्स’मध्ये ‘कॅरसेट’ यूटीएफ-८ द्या, किंवा शेपफाइलचा नादच सोडून जिओजेसन वा जिओपॅकेज घ्या. दुसरी बरी. एक लक्षात ठेवा, आरएफसी ७९४६ प्रमाणे जिओजेसनमध्ये डब्ल्यूजीएस ८४ आणि आधी रेखांश मग अक्षांश असा क्रम असतो. दुसरं प्रोजेक्शन त्यात कोंबू नका.

शेपफाइल का नको याचं देवनागरीपुरतं ठोस कारण सांगतो. डीबीएफमध्ये (शेपफाइलचं टेबल ठेवणाऱ्या फाइलमध्ये) मजकुराच्या रकान्याला कमाल २५४ बाइट आणि रकान्याच्या नावाला १० बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक कोडपॉइंटला (संगणक स्वतंत्र मोजतो त्या प्रत्येक अक्षरखुणेला) ३ बाइट लागतात आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘क्षेत्रफळ’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा. आत तो क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र, फ, ळ असा ९ कोडपॉइंटचा, म्हणजे २७ बाइट. रकान्याला हे नाव दिलंत तर १० बाइटांत ‘क्ष’ मावतो आणि पुढच्या मात्रेचा एक तुटका बाइट उरतो. त्या तुटक्या बाइटामुळे काही सॉफ्टवेअर फाइल उघडायलाच नकार देतात. म्हणून रकान्यांची नावं छोटी, लॅटिन लिपीत, मोकळ्या जागेशिवाय ठेवा आणि मराठी नाव पोर्टलच्या मेटाडेटामध्ये अ‍ॅट्रिब्यूटचं लेबल म्हणून भरा. लांब शेरे असतील तर २५४ बाइट म्हणजे ८४ कोडपॉइंट, दोन ओळीसुद्धा नाहीत.

गावाच्या नावावरून जोड कधीच लावू नका. कोडावरून लावा. ‘ऱ’ हे अक्षर एका कोडपॉइंटनेही लिहिता येतं आणि र अधिक नुक्ता असंही. कुठे मधे न दिसणारा झिरो-विड्थ-जॉइनर असतो. ‘ऱ्ह’ किंवा ‘ऱ्या’ असलेली नावं स्क्रीनवर हुबेहूब सारखी दिसतात आणि जोड लागत नाही. नावाशिवाय पर्यायच नसेल तर दोन्ही बाजू आधी एनएफसी (युनिकोडच्या एकाच प्रमाण) रूपात आणा, जॉइनर आणि दुहेरी मोकळ्या जागा काढा, मगच जोडा.

कोडाचंही एक दुखणं आहे. सीएसव्ही स्प्रेडशीटमध्ये उघडून जतन केली की ००४५१२ चं ४५१२ होतं. क्यूजीआयएसमध्ये ‘डिलिमिटेड टेक्स्ट लेयर’ने आणताना ‘डिटेक्ट फील्ड टाइप्स’ बंद करा, म्हणजे कोड मजकूर म्हणूनच येतो.

---

जलरेषा

चौथा मुद्दा राहिला. रेघा न जुळण्याचं कारण ओळखायची सोपी रीत म्हणजे पंधरा-वीस ठिकाणी फरकाचं अंतर आणि दिशा मोजायची.

सगळीकडे अंतर सारखं आणि दिशाही सारखी असेल तर दोष डेटमचा (अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजले त्याचा) किंवा चुकीच्या सीआरएस पाटीचा. जुन्या स्थानिक डेटमवरचा नकाशा डब्ल्यूजीएस ८४ समजून चढवला की शेकडो मीटरची एकसारखी सरक येते. मूळ डेटम शोधून ती पाटी लावा, मग रिप्रोजेक्ट करा. क्यूजीआयएस डेटम-रूपांतराचे पर्याय विचारतं तेव्हा पहिल्यावर क्लिक करून पुढे जाऊ नका, प्रत्येकासमोर अचूकता मीटरमध्ये दिलेली असते. ‘बॉलपार्क’ असं लिहिलेला पर्याय डेटममधला फरक जमेतच धरत नाही, तो निवडला की सरक तशीच राहते.

लेयर भलत्याच खंडात गेला असेल तर अक्षांची अदलाबदल. रेखांश ७५, अक्षांश २० असलेला बिंदू उलटा वाचला तर तो ७५ उत्तर, २० पूर्वेला, स्वालबार्डच्या दक्षिणेच्या समुद्रात पडतो. डब्ल्यूएमएस १.१.१ मध्ये ईपीएसजी ४३२६ साठी आधी रेखांश असतो, १.३.० मध्ये आधी अक्षांश. सर्व्हरने नियम नीट पाळला नसेल तर कनेक्शनमधला ‘इग्नोर अ‍ॅक्सिस ओरिएंटेशन’ किंवा ‘इन्व्हर्ट’ वापरून बघा.

तुमच्याकडे मात्र २० ते ८० मीटर आणि दिशाही बदलती. हा मूळ नकाशांच्या मापप्रमाणाचा फरक आहे. छापील नकाशावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ १:५०,००० वर जमिनीवरचे २५ मीटर व्यापते, १:२,५०,००० वर १२५. एक लेयर एका मापावरून आणि दुसरा दुसऱ्यावरून डिजिटाइज केला असेल तर एवढा फरक असणारच, आणि कुठलंही प्रोजेक्शन बदलून तो जाणार नाही. शिवाय ओढे पात्र बदलतात. सीमा ज्या वर्षी आखली त्या वर्षीचा ओढा आणि अलीकडच्या उपग्रह-चित्रावरून काढलेला ओढा एक नसतो. दोन्ही लेयरच्या मेटाडेटामध्ये मापप्रमाण, मूळ स्रोत आणि कोणत्या वर्षाची स्थिती आहे ते शोधा. पोर्टलवर दिसणारी तारीख बहुतेक वेळा चढवल्याची असते, मोजणीची नव्हे. मेटाडेटा रिकामा असेल तर तिथे दिलेल्या संपर्काला विचारा. अंदाजाने वर्ष घालू नका, कारण तुमचा अंदाज पुढे कोणीतरी सत्य म्हणून वापरणार आहे.

रेघा जुळाव्यात म्हणून सीमा ओढ्यावर ‘स्नॅप’ करायचा मोह होतो. करू नका. गावाची सीमा ही कायदेशीर गोष्ट आहे, ती ओढ्यामागे पळत नाही.

इंटरसेक्शनच्या आधी दोन्ही लेयरवर ‘चेक व्हॅलिडिटी’ चालवा आणि जिथे रेघ स्वतःलाच छेदते अशा चुका ‘फिक्स जिऑमेट्रीज’ने दुरुस्त करा. इंटरसेक्शननंतर दोन गोष्टी हमखास होतात. एक, गावाच्या टेबलात आधीच असलेला क्षेत्रफळाचा रकाना जसाच्या तसा प्रत्येक तुकड्यात उतरतो. गाव दोन पाणलोटांत विभागलं तर दोन्ही तुकड्यांत पूर्ण ४१२ दिसतात आणि बेरीज ८२४. तो रकाना काढून टाका किंवा नाव बदला आणि तुकड्याचं क्षेत्र नव्याने काढा. दोन, सीमेलगत केसासारख्या बारीक, लांबट पॉलिगॉनच्या चिरफळ्या निघतात. त्या नुसत्या पुसल्या तर गावाच्या एकूण क्षेत्रात भोकं पडतात. ‘एलिमिनेट सिलेक्टेड पॉलिगॉन्स’ने शेजारच्या मोठ्या तुकड्यात मिळवा, पण तो शेजारी त्याच गावाचा आहे ना ते बघून. शेवटी गावनिहाय बेरीज मूळ गावाच्या क्षेत्राशी ताडून पाहा. गाव पूर्ण खोऱ्याच्या आत असेल तर फरक शून्याजवळ हवा.

---

अक्षांश_वीस

फार उपयोग झाला. ‘हिट्स’ने खरी संख्या कळली आणि पेजिंगने तेवढ्याच नोंदी आल्या. डॉलरवालं एरिया ४११.७ देतंय. जिओपॅकेजमध्ये नावंही नीट आली.

आता रास्टरची अडचण. उंचीचं रास्टर डब्ल्यूसीएसने घेतलं, ईपीएसजी ४३२६, पेशी १ आर्कसेकंद. उतार काढला तर सगळीकडे ८८-८९ अंश. जमीन सपाट आहे तिथेही. आणि एक रास्टर चाचणी म्हणून पोर्टलवर चढवलं तर पूर्ण काळं दिसतंय आणि झूम केलं की फार हळू उघडतं. तयार लेयर चढवताना आणखी काय सांभाळायचं तेही सांगा.

---

समोच्चरेषा

उतार म्हणजे उंचीतला फरक भागिले आडवं अंतर. तुमच्याकडे उंची मीटरमध्ये आणि आडवं अंतर अंशांत. १ आर्कसेकंद म्हणजे ०.०००२७८ अंश. दोन शेजारच्या पेशींत फक्त अर्धा मीटर फरक असला तरी सॉफ्टवेअर ०.५ भागिले ०.०००२७८ करतं, म्हणजे १८०० पट चढ, जवळजवळ उभी भिंत. जीडॅल या रास्टर-साधनसंचाच्या स्लोप टूलमध्ये उभ्या-आडव्या एककांचं प्रमाण १११,१२० द्यायची सोय आहे, पण पूर्व-पश्चिम अंश अक्षांशानुसार आखडतो, त्यामुळे ते उत्तर ढोबळच राहतं. रास्टर ‘वॉर्प’ने त्याच यूटीएम झोनमध्ये न्या, पेशी ३० मीटर, रिसँपलिंग (नव्या पेशींची मूल्यं ठरवायची रीत) बायलिनिअर किंवा क्युबिक, आणि मग उतार काढा. नंतर ‘झोनल स्टॅटिस्टिक्स’ने प्रत्येक तुकड्याची सरासरी.

जमीन-वापराचं रास्टर वॉर्प करताना मात्र ‘निअरेस्ट नेबर’च हवं. तिथले आकडे वर्गांची नावं आहेत. बायलिनिअर केलं तर वर्ग २ आणि वर्ग ६ यांच्या मधे ४ तयार होतो, आणि जंगल व वस्ती यांच्या सीमेवर नसलेली शेती उगवते.

नोडेटा, म्हणजे ‘इथे मूल्य नाही’ असं सांगणारा आकडा, तपासा. एसआरटीएमसारख्या (अवकाशातून मोजलेल्या उंचीच्या) रास्टरमध्ये रिकाम्या पेशीला उणे ३२७६८ हा आकडा असतो. तो नोडेटा म्हणून घोषित नसेल तर सरासरी उंची कोसळते आणि खड्ड्याच्या काठावर खोटा तीव्र उतार येतो. लेयरच्या माहितीत किमान मूल्य बघितलं की लगेच कळतं.

एक मर्यादा अहवालात लिहाच: ३० मीटरच्या पेशीवरून काढलेला उतार शेतात मोजलेल्या उतारापेक्षा साधारणपणे कमी येतो, कारण बांध, घळी आणि छोटे कडे त्या पेशीत सपाट होतात. गावांची आपसात तुलना करायला तो चालतो, बांधबंदिस्ती आखायला नाही.

---

टाइल_आणि_लेबल

काळं रास्टर: त्याला स्टाइल नाही. मूल्यं एका अरुंद पट्ट्यात आणि रंगपट्टा सबंध संख्याप्रकारावर पसरलेला, म्हणून सगळं काळ्या टोकाशी गोळा होतं. खऱ्या किमान-कमालवर आधारलेली कलरमॅप असलेली एसएलडी स्टाइल (लेयर कसा रंगवायचा ते सर्व्हरला सांगणारी फाइल) बनवून चढवा. क्यूजीआयएसमधून एसएलडी एक्स्पोर्ट होते, पण गुंतागुंतीची चिन्हं जशीच्या तशी जात नाहीत. साध्या भरणाऱ्या रंगांवर भागवा.

हळू उघडण्याचं कारण, फाइलमध्ये पट्टीपट्टीने पिक्सेल ठेवलेले आणि ओव्हरव्ह्यू (दूरच्या दृश्यासाठी लहान केलेल्या प्रती) नाहीत. दूरचं दृश्य दाखवायलाही सर्व्हरला पूर्ण फाइल वाचावी लागते. क्लाउड ऑप्टिमाइझ्ड जिओटिफमध्ये रूपांतर करा (जीडॅल ३.१ पासून त्याचा स्वतंत्र ड्रायव्हर आहे), कॉम्प्रेशन डिफ्लेट. त्यात टाइल आणि ओव्हरव्ह्यू आपोआप बनतात. जेपेग कॉम्प्रेशन उंची किंवा वर्गांच्या रास्टरला कधीही नाही, ते मूल्यं बदलतं.

मराठी लेबलांच्या जागी चौकोन दिसले तर दोष डेटाचा नाही. लेबल सर्व्हर काढतो, तेव्हा एसएलडीमध्ये लिहिलेला फाँट सर्व्हरवर असावा लागतो. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी बसवायला पोर्टलच्या प्रशासकांना सांगा आणि एसएलडीमध्ये नेमकं तेच नाव द्या. स्टाइल बदलूनही जुनंच चित्र दिसत राहिलं तर जिओवेबकॅशमध्ये साठवलेल्या जुन्या टाइल (नकाशाचे तयार तुकडे) रिकाम्या करायला सांगा. आणि लेयर ठरावीक झूमच्या बाहेर गायब होत असेल तर स्टाइलमधली कमाल-किमान स्केलची अट बघा. ‘लेयर चालत नाही’ अशा पुष्कळ तक्रारी एवढ्याच असतात.

---

जलरेषा

चढवण्याबद्दल. व्हेक्टर जिओपॅकेजमध्ये द्या. शेपफाइल द्यावीच लागली तर .एसएचपी, .एसएचएक्स, .डीबीएफ यांच्याबरोबर .पीआरजे आणि .सीपीजी झिपमध्ये असू द्या. .पीआरजे नसेल तर पोर्टल एक तर नाकारतं किंवा ४३२६ धरून मोकळं होतं.

मेटाडेटामध्ये शीर्षक-सारांश सगळेच भरतात, पण पुढच्या माणसाला खरोखर हवं असतं ते ‘लिनीएज’, म्हणजे लेयर कशापासून कसा बनला त्याची नोंद. तिथे सरळ मराठीत लिहा: कोणता सीमा-लेयर, कोणत्या तारखेला उतरवलेला, किती नोंदी, त्याचं मापप्रमाण, उंचीचं रास्टर कोणतं, कोणत्या झोनमध्ये नेलं, कोणतं रिसँपलिंग, किती चौरस मीटरपेक्षा लहान चिरफळ्या मिळवल्या. रकान्यांची एककंही लिहा. ‘उतार’ अंशांत की टक्क्यांत हे न लिहिल्याने लेयर वाया जातात. ४५ अंश म्हणजे १०० टक्के, त्यामुळे नुसता आकडा बघून ओळखता येत नाही.

परवाना न भरता लेयर सोडू नका. रिकामा परवाना म्हणजे ‘वापरा’ असा अर्थ होत नाही. ओढे ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतलेले असतील तर तो डेटा २०१२ पासून ओडीबीएल परवान्याखाली आहे. त्यातून बनलेला डेटाबेस खुला करताना श्रेय द्यावं लागतं आणि तोच परवाना लावावा लागतो. एखाद्या संस्थेचा लेयर फक्त पाहण्यासाठी खुला असेल, डाउनलोडसाठी नसेल, तर त्यापासून बनवलेला लेयर ठेवण्याआधी त्यांची लेखी परवानगी घ्या. सामायिक पोर्टल टिकतं ते याच भरवशावर.

परवानग्या: ‘पाहणे’, ‘डाउनलोड’, ‘संपादन’ वेगवेगळे असतात. पाहणे व डाउनलोड सर्वांना, संपादन फक्त तुमच्या गटाला. तुमच्या लेयरसोबत इतरांचे लेयर घालून नकाशा बनवलात तर त्यातला एखादा बंद लेयर बाहेरच्या माणसाला दिसत नाही, आणि नकाशा अर्धवट उघडतो. म्हणून लॉगआउट करून, खासगी विंडोमध्ये, नकाशा उघडून बघा, डाउनलोडही करून बघा, उतरलेली फाइल क्यूजीआयएसमध्ये उघडून नोंदींची संख्या मोजा.

पुढे सुधारित आवृत्ती आली की नवा लेयर चढवून जुना पुसू नका. ‘रिप्लेस’ वापरा. लेयरचं आतलं नाव बदललं की त्यावर उभे असलेले सगळ्यांचे नकाशे आणि डब्ल्यूएमएस जोडण्या एकदम तुटतात.

---

बाइट_मोजणारा

एक पुरवणी. बंद लेयरसाठी लॉगिन लागत असेल तर नाव आणि पासवर्ड यूआरएलमध्ये घालू नका. क्यूजीआयएसच्या ‘ऑथेंटिकेशन’ टॅबमध्ये ‘कॉन्फिगरेशन’ बनवून ते कनेक्शनला जोडा. यूआरएलमधला पासवर्ड प्रोजेक्ट फाइलमध्ये उघडा लिहिला जातो, आणि ती फाइल तुम्ही सहकाऱ्याला पाठवता तेव्हा पासवर्डही सोबत जातो. ‘बेसिक’ पर्यायातही साध्या खोक्यात भरलेलं नाव-पासवर्ड तसंच उघडं राहतं. कॉन्फिगरेशनवालं मास्टर पासवर्डमागे एन्क्रिप्ट होतं.

---

अक्षांश_वीस

यूटीएममध्ये नेल्यावर उतार ० ते ३४ अंशांत आला, सपाट भागात १-२. किमान उंची उणे ३२७६८ च होती, नोडेटा घोषित केल्यावर काठावरचे खोटे कडे गेले. सीमांचं मापप्रमाण मेटाडेटात नाही, त्या लेयरच्या संपर्काला पत्र टाकलं आहे. उत्तर येईपर्यंत लेयर फक्त गटापुरता खुला ठेवतो, लिनीएजमध्ये ‘सीमांचं मापप्रमाण अप्राप्त’ असं लिहून.